मन लागतं का?

म्हातारी माणसं मनाने सुखी आहेत की नाहीत, हे मोजायला बापटांची मुक्ता लखनौच्या आलमबागेत पद्मिनीबाईंकडे दोनदा येऊन गेली. विद्यापीठाचं काम होतं. पंधरा दिवसांच्या अंतराने तेच वीस प्रश्न विचारायचे. दोन्ही वेळा उत्तर तेच आलं की मोजमाप पक्कं, असं तिचं शास्त्र. कागद हिंदीत छापलेला. लखनौत वाढलेली ही पोर मोठ्या हौसेने मराठीत विचारी, "काकू, घरात मनाला लागतं का?"

मुलगा चंद्रहास, तोही इथेच वाढलेला, शेजारीच बसलेला. बाई दोन्ही वेळा म्हणाल्या, "नाही गं."

चंद्रहासने कागद पाहिला आणि त्याचा चेहरा उतरला. 'घर में मन लगता है?' यापुढे दोन्हीकडे 'नहीं'. बँकेतला साहेब तो, आईला कशाला विचारतोय! चारबाग स्टेशनवर जाऊन अमरावतीचं तिकीट काढून आला. "धाकट्या प्रसन्नकडे राहा आता. आपल्या माणसांत बरं वाटेल."

बाईंच्या पायाखालची जमीन सरकली. चाळीस वर्षांचं घर ते. त्यांनी मुक्ताला बोलावलं, चष्मा लावून कागद वाचला, आणि त्यांना हसूच फुटलं.

"अगं, ध चा मा केलास."

लग्न होऊन आल्या त्या वर्षी शेजारच्या मिश्राइनने विचारलं होतं, "बहू, मन लग गया?" त्या घाबरून म्हणाल्या, "नहीं, मुझे किसी ने कुछ नहीं कहा." नवरा हसता हसता खाटेवरून पडायचा राहिला. मग ऑफिसातून आला की रोज दारातूनच विचारी, "काय, मन लग गया?" शेवटच्या आजारातही त्याने एकदा विचारलं होतं. कसले गोड दिवस होते ते.

मुक्ता ओशाळली. "पण काकू, दोनों बार तेच उत्तर आलं ना."

"खोटं माप दहादा लावलं तरी खोटंच."

"अच्छा, मग आता सांगा. इथे मन रमतं का?"

चंद्रहास शेजारी बसून बघत होता. 'हो' म्हटलं की बाई सुटल्या असत्या.

"रमतं," त्या म्हणाल्या. "पण आधीचंही उत्तर खरं नव्हतं. हा बसला होता म्हणून नाही म्हटलं. संध्याकाळी घरी येतो आणि माझ्याशी चार शब्द बोलत नाही. ते लागतं मनाला."

चंद्रहासने खिशातलं तिकीट काढून पाहिलं.

"तिकीट उद्या परत करतो," तो म्हणाला. मग त्याने मुक्ताच्या हातातला कागद घेतला आणि खुर्ची आईसमोर ओढली. "बाकीचे प्रश्न मी विचारतो."