केसाएवढी चीर

आखातातल्या मुसफ्फा या कारखान्यांच्या वस्तीतल्या ज्या मशीन शॉपमध्ये विजयकुमार साळवीने नऊ वर्षं लेथ चालवली, ते १९९८ सालच्या ईदनंतर उघडलंच नाही. मालकाने शटरला कुलूप घातलं, सगळ्यांचे व्हिसा कॅन्सल करून आणले आणि ज्याचा त्याचा पासपोर्ट हातात देऊन सांगितलं, तीस दिवस आहेत, आपापलं बघा.

ते तीस दिवस चार मार्चला संपत होते. विजयकुमारची मुलगी अस्मिता दहावीला होती आणि तिचा पहिला पेपर होता सात मार्चला. बापाचा व्हिसा गेला की बायको-मुलीचाही जातो. तीन दिवसांसाठी पोरीचं वर्ष जाणार होतं. विजयकुमार फाइल काखेत मारून मुसफ्फाचं एकेक गॅरेज, एकेक वर्कशॉप पालथं घालत होता. सगळीकडे एकच उत्तर मिळे. "इन्शाल्ला, फोन करेंगे." फोन कुणी करत नव्हतं.

अकराव्या दिवशी अलीमियाँ दारात उभा राहिला. हा हैदराबादचा माणूस, बू सुलतान नावाच्या म्हाताऱ्या अरबाचा ड्रायव्हर. बू सुलतानच्या मझऱ्यावरच्या, म्हणजे शेतावरच्या, पंपाचा शाफ्ट विजयकुमारने दोनदा बनवून दिला होता, तेवढीच काय ती ओळख.

"साळवीभाई, बडे मियाँ के पास एक पुरानी चीज है," अलीमियाँ म्हणाला. "बनती क्या देख लो. बन गई तो तुम्हारा काम हो जाता."

अल ऐनच्या रस्त्यावर खतीमला ते शेत होतं. खजुराची झाडं, शेळ्या आणि पंपाची पत्र्याची शेड. शेडमध्ये वस्तू आवळून धरायचा बेंचवाइस होता, ज्योतीने लोखंड तापवायचा ब्लोलॅम्प होता, बऱ्यापैकी कानशी होत्या. बू सुलतानने सतरंजीच्या तुकड्यात गुंडाळलेली वस्तू बेंचवर ठेवली. ते ठासणीचं रिव्हॉल्व्हर होतं. काडतूस घालायचं नव्हे. पुढच्या बाजूने एकेका घरात दारू भरायची, वर शिशाची गोळी ठासायची आणि मागे तांब्याची टोपी बसवायची, तसलं जुन्या काळचं. गंजून ते विटेच्या रंगाचं झालं होतं. घोडा हलत नव्हता, सहा घरांची चक्री फिरत नव्हती, लाकडी मूठ वाळवीने पोखरली होती.

"मेरा बाबा का बाबा जंजिबार से लाया," बू सुलतान त्याच्या मोडक्या हिंदीत म्हणाला. "छब्बीस तारीख मेरा पोता का शादी. मैं इससे आवाज करेगा, सब के सामने. तुम ठीक करेगा तो तुम मेरा आदमी. व्हिसा मेरा. खलास."

विजयकुमारने जन्मात बंदूक हातात धरली नव्हती. पण लोखंड ते लोखंड. तो म्हणाला, "होगा."

दुसऱ्या दिवसापासून अलीमियाँ त्याला सकाळी शेतावर सोडू लागला. विजयकुमारने रिव्हॉल्व्हर दोन दिवस डिझेलमध्ये बुडवून ठेवलं, मग लाकडी हातोडीने हलके टोले देत, पुन्हा भिजवत, पुन्हा ठोकत नळी आणि चक्री सुटी केली. एका घरात जुनी गोळी तशीच बसलेली निघाली. आत दारू असणार हे लक्षात येताच तो बेंचपासून दोन पावलं मागे सरला, कारण आदल्या दिवशीच तो ब्लोलॅम्प पेटवायच्या विचारात होता. मागचं भोक मोकळं करून त्याने तिथून पाणी सोडलं, आतली दारू रात्रभर भिजू दिली आणि गोळीत स्क्रू फिरवून ती ओढून काढली. मागोमाग काळा चिखल आला. गरम साबणाच्या पाण्याने सगळं धुतलं तेव्हा सडक्या अंड्यासारखा वास सुटला आणि दारातली शेळी उठून निघून गेली.

घोड्याची स्प्रिंग मोडलेली होती. त्याने करवतीच्या जाड पात्याचा तुकडा घेतला, तापवून वाकवला, तेलात विझवला. पहिली स्प्रिंग तुटली. दुसरीही तुटली. तिसरीने जीव धरला. घोडा मागे ओढला की चक्री एक घर पुढे सरकून टक्‌ करून थांबू लागली, तेव्हा त्या माणसाच्या डोळ्यांत पाणीच आलं. कित्येक दिवसांत त्याच्या हातून काहीतरी जुळून आलं होतं.

आणि त्याच दुपारी त्याला चीर दिसली.

गंज निघाल्यावर चक्री चकाकायला लागली होती. एका घराच्या भिंतीवर उन्हात केसासारखं काहीतरी दिसलं. बोटाने पुसलं तरी गेलं नाही. त्याने तिथे रॉकेल लावलं, थोडा वेळ थांबून कोरडं पुसलं आणि वरून खडूची पूड भुरभुरली. जिथे जिथे भेग असते तिथे आत मुरलेलं रॉकेल पुन्हा वर येतं, हे त्याला ॲप्रेंटिस असताना पहिल्याच वर्षी शिकवलेलं. पांढऱ्या पुडीवर हळूहळू एक ओली रेघ उमटली. शेजारच्या घरावरही उमटली. दारूचा दाब ही चक्री सोसणार नव्हती. नवी चक्री बनवायला चांगलं पोलाद हवं, मिलिंग मशीन हवं, महिना हवा. लग्न पाच दिवसांवर होतं.

घरी गेल्यावर त्याने बायकोला सांगितलं. विभावरी चपात्या लाटत होती.

"केवढी आहे चीर?" तिने विचारलं.

"केसाएवढी."

"म्हणजे दिसत नाही."

"दिसत नाही. पण फुटेल."

"नक्की फुटेल?"

"नक्की कसं सांगू? एखादे वेळी नाहीही फुटणार."

तिने लाटणं थांबवलं नाही. "मग तुम्ही कशाला सांगता? त्याची वस्तू, त्याची हौस. आपण तर पोरीचं बघायचं की नाही?"

आतल्या खोलीतून अस्मिता म्हणाली, "Mamma, please, I'm studying."

मग विजयकुमारने जे केलं ते त्याला पुढे कधी कुणाला सांगवलं नाही. दुसऱ्या दिवशी त्याने चक्री बारीक पॉलिश पेपरने घासली, तापवून तेलात बुडवली आणि तिला निळसर काळा रंग आणला. रेघ दिसेनाशी झाली. मुठीला सिद्राच्या, म्हणजे तिकडच्या बोरीच्या, लाकडाचे नवे तुकडे बसवले. बू सुलतान आला, त्याने वस्तू हातात घेतली, घोडा ओढला, टक्‌ आवाज ऐकला आणि म्हातारा लहान मुलासारखा हसला.

"ठीक?" त्याने विचारलं.

"ठीक," विजयकुमार म्हणाला.

पासपोर्टच्या कॉप्या त्याच संध्याकाळी बू सुलतानच्या ऑफिसात गेल्या. विभावरीने शिरा केला. अस्मिता कित्येक दिवसांनी हसून बोलली. विजयकुमारने ताटली तशीच बाजूला सारली. समोर म्हाताऱ्याचा हात दिसत होता. लग्नाच्या मांडवात उंच धरलेला, सुरकुतलेला हात, आणि भोवती उभी असलेली नातवंडं.

सकाळी त्याने अलीमियाँला फोन केला. विभावरीला कळलं. ती दाराशी आडवी उभी राहिली.

"तुम्ही जाऊ नका," ती म्हणाली. "मी तुमच्या पाया पडते."

त्याने तिला हाताला धरून बाजूला केलं. लग्नाला अठरा वर्षं झाली होती, असं त्याने कधी केलं नव्हतं.

बू सुलतान खजुराखाली कावा, म्हणजे बिनदुधाची अरबी कॉफी, पीत बसला होता. विजयकुमारने उभ्या उभ्याच सांगितलं आणि अलीमियाँने जिथे अडलं तिथे अरबीत समजावलं. म्हाताऱ्याचा चेहरा आवळत गेला.

"कल तुम बोला ठीक. आज बोलता खराब. झूठ कौन सा?"

"कल का," विजयकुमार म्हणाला. "मुझे व्हिसा चाहिए था."

"और आज भी झूठ? कोई जास्ती पैसा बोला तुमको?"

म्हातारा उठला. दारूची पिशवी, गोळ्या, टोप्या सगळं त्याने दुबईहून मागवून ठेवलं होतं. कुणाकडे न बघता त्याने चीर सांगितलेलंच एक घर भरलं, गोळी ठासली, टोपी बसवली आणि हात वर केला. विजयकुमारने पुढे झेप घेऊन त्याचं मनगट धरलं. अलीमियाँ जागच्या जागी थिजला. आपल्या शेतावर आपला हात कुणी धरावा, असं त्या म्हाताऱ्याच्या आयुष्यात घडलं नसावं.

"हाथ से नहीं," विजयकुमारचा आवाज फाटला. "वाइस में बांधो. फिर चलाओ. नहीं फटा तो मुझे पोलीस में दे दो."

मग बू सुलतानने मूठ सैल केली.

विजयकुमारने रिव्हॉल्व्हर शेडमधल्या वाइसमध्ये आवळलं, नळी वाळूच्या पोत्यांकडे केली, चापाला सुतळी बांधली आणि ती सिमेंटच्या हौदामागे आणली. सुतळी बू सुलतानने स्वतः ओढली.

धडाका असा झाला की पत्रे थरथरले. पांढऱ्या धुराचा लोट शेडबाहेर आला. धूर निवला तेव्हा चक्रीचा अर्धा भाग जागेवर नव्हता. एक तुकडा मुठीपासून हातभर अंतरावर, दाराच्या फळीत रुतला होता. बू सुलतान त्या फळीपुढे जाऊन उभा राहिला. त्याने आपल्या उजव्या हाताची बोटं डाव्या हाताने एकेक करून दाबून पाहिली. मग खाली बसला आणि इकडेतिकडे उडालेले तुकडे वेचून डोक्यावरच्या गुत्र्यात बांधू लागला. विजयकुमार मदतीला वाकला, तर त्याने हातानेच त्याला लांब राहायला सांगितलं.

चार-पाच दिवस काहीच कळलं नाही. विभावरी त्याच्याशी बोलत नव्हती. तिने बॅगा माळ्यावरून काढल्या आणि तशाच रिकाम्या ठेवून दिल्या. लग्न होऊन गेलं. शनिवारी अलीमियाँ आला आणि चहा नको म्हणाला.

"मियाँ का बोलना ये है," तो खाली मान घालून म्हणाला, "हाथ बच गया, उसके वास्ते मॅडम और बेबी को दो महीने का व्हिजिट व्हिसा. इम्तिहान हो जाता. लेकिन तुमको काम नहीं देते. बोले, उसका मुँह देखूँगा तो दादा की चीज याद आती."

विजयकुमारने मान हलवली. त्याला यात अन्याय दिसला नाही. विभावरी मात्र भिंतीला टेकून खाली बसली आणि पदर तोंडाशी धरून रडली, आनंदाने की रागाने हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

चार मार्चच्या विमानाने तो एकटा परतला. विभावरी आणि अस्मिता व्हिसासाठी एकदा देशाबाहेर जाऊन, सहा तारखेच्या संध्याकाळी परत आत आल्या आणि सातला अस्मिता पेपरला बसली. विजयकुमार सांगलीत भावाकडे उतरला. मिरजेच्या एमआयडीसीत त्याला लेथवरच काम मिळालं, तिकडच्या पगाराच्या पाव हिश्श्यात.

गणिताच्या पेपरच्या दिवशी त्याने कोपऱ्यावरच्या बूथवरून फोन लावला. अस्मिताने घेतला.

"कसा गेला गं?"

"It was okay, Baba. शेवटचा sum राहिला."

"राहू दे. आई कुठे आहे?"

फोन हातातून हातात गेल्याचा आवाज आला. त्यानंतर नुसता श्वास ऐकू येत होता.

"विभा," तो म्हणाला.

"जेवलात का?" तिने विचारलं.

"अजून नाही."

"मग जेवा आधी," ती म्हणाली, आणि फोन मात्र तिने ठेवला नाही.