दहा थेंब लवंग

एकदाच सांगून टाकते: कांचनचा मला हेवा वाटायचा. साधासुधा नाही, घास गोड न लागण्याइतका.

तीस वर्षं मी म्हैसूरच्या एका उदबत्ती कारखान्यात वास जुळवायचं काम केलं. चंदनात कुणी काय मिसळलंय, ते डोळे मिटून सांगायची. मी भेसळ पकडली की मालकसुद्धा खुर्चीतून उठायचे. आणि आता आमच्या सरस्वतीपुरमच्या गल्लीत वासाचं कुणाला विचारायचं, तर पुण्याहून येऊन शेजारी भाड्याने राहिलेल्या कांचनला. ती गोकुलम भागात योग शिकायला येणाऱ्या परदेशी पोरींना इसेन्शियल ऑइल शिकवते. पिकतं तिथं विकत नाही म्हणतात, ते काही खोटं नाही.

बाकीच्यांचं सोडा, पण वेदवती तिच्याकडे गेली ते मला लागलं. विठ्ठल मंदिरात भजनाला आम्ही चाळीस वर्षं शेजारी बसतो. तिचे गुडघे धरायला लागल्यापासून रोज संध्याकाळी ती माझ्याकडे यायची आणि मी तेल चोळायची. एके दिवशी तिने पिशवीतून गडद काचेची बाटली काढली. म्हणाली, कांचनने दिलंय, माझं मला लावता येतं, तुला रोज कशाला त्रास. मला त्रास होतो, असं मी कधी म्हटलं होतं?

वर कौतुकही ऐकावं लागलं. कांचनने म्हणे आधी कुठल्या गोळ्या चालू आहेत ते विचारलं, मग कोपराच्या आतल्या बाजूला थेंबभर लावून एक दिवस थांबायला लावलं. बाटली उन्हात ठेवायची नाही, नातवंडांच्या हाती लागू द्यायची नाही, पोटात तर मुळीच घ्यायचं नाही. मी नुसतं हूं हूं करत होते.

तेवढ्यात वेदवतीला सुनेचा फोन आला आणि ती बोलायला बाहेर गेली. मी झाकण उघडलं. एका श्वासात कळलं: बाटलीभर तिळाचं तेल आणि लवंग नावाला. मला इतका आनंद झाला की विचारू नका. आमच्या कारखान्यात असा माल आला असता तर आणणाऱ्याला दारात उभं केलं नसतं.

तेव्हाच बोलायला हवं होतं. पण मला आणखी हवं होतं. माझ्या कपाटात लवंगेचं शुद्ध तेल होतं, कामावर असतानाचं. कांचनची अर्धी बाटली मोरीत ओतली आणि माझ्या तेलाने पुन्हा भरली. आठ दिवसांत गुडघ्यांना गुण आला की सांगणार होते, बाई गं, हा गुण कुणाचा ते ऐक.

त्याच रात्री वेदवतीने ते लावलं. सकाळी दोन्ही गुडघे लालबुंद होऊन फोड आले होते. डॉक्टरांनी मलम दिलं आणि गल्लीने कांचनला धारेवर धरलं. बायकांनी बाटल्या परत नेऊन तिच्या पायरीवर ठेवल्या. वेदवती माझ्याकडे येऊन तिला शिव्या घालायची आणि तिच्या कानडीत म्हणायची, साकु, म्हणजे पुरे झालं; बरी झाले की तूच चोळ. चार दिवस मी ते ऐकलं. खोटं कशाला बोलू, गोड लागलं.

पाचव्या दिवशी वेदवती माझ्याकडेच बसली होती, तेव्हा कांचन ती बाटली आणि वही घेऊन आली. रडून डोळे सुजले होते.

"मालतीकाकू, लवंग जास्त झालीय एवढं मला कळतं. कशी झाली ते कळत नाही. शंभर मिलीला दहाच थेंब लिहिलेत. तुमच्यासारखं नाक इथे कुणाला नाही. मीच चुकले असेन तर हे काम सोडून देते."

हेच ऐकायला मी तडफडत होते. मी बाटली हातात घेतली आणि ताठपणे विचारलं, मुळात इतकं तिळाचं तेल ओतलंस कशाला?

"शुद्ध लवंगेने कातडी भाजते, काकू. तिळाच्या तेलात मिसळूनच लावावी लागते."

उदबत्तीला कातडी नसते, हे तीस वर्षांत माझ्या डोक्यात आलं नव्हतं. मी वेदवतीच्या गुडघ्यांकडे पाहिलं.

"तुझे दहाच थेंब होते," मी म्हणाले. "बाकीची अर्धी बाटली मी भरली."

कांचनने वही मिटली.

"नोड, बघ मालती, गुडघे बरे होतील," वेदवती म्हणाली. "पण चार दिवस मी या पोरीला शिव्या घालत होते आणि तू समोर बसून मान डोलावत होतीस."

मग तिने उठायला कांचनचा हात मागितला. माझा नाही.

दुसऱ्या दिवशी मी घरोघरी जाऊन बाटली कुणी भरली ते सांगितलं. त्याला आता दोन महिने झाले. संध्याकाळी शेजारच्या अंगणातून वेदवतीचं हसणं ऐकू येतं. कांचन तिचे गुडघे चोळते, त्या तेलाचा वास माझ्या खिडकीपर्यंत येतो. तिळाचं तेल आणि लवंग नावाला. बरोबर दहा थेंब.