तिच्या नावाने चालू

मेव्हण्याचा हात प्लगपर्यंत पोचला तेव्हा सुताराने त्याचं मनगट धरलं आणि उलटं पिळलं. आत काहीतरी कट्कन वाजलं. मेव्हणा गुडघ्यांवर आला, लाकडाच्या भुशात.

"दाजी, सोडा."

"हात लावायचा नाही म्हटलं ना."

"आतला पंखा अडकलाय. डबा तव्यासारखा तापलाय, बघा तरी. आत्ता बंद केला नाही तर डिस्क जळेल. ताईने काढलेली सगळी नक्षी त्यात आहे, दुसरीकडे कुठेच नाही."

सुताराने मनगट सोडलं, पण मध्येच उभा राहिला. मागे भिंतीतल्या फळीवर कॉम्प्युटर, पुढे बायकोचा धाकटा भाऊ.

कॉम्प्युटर जुना होता, कुठल्याशा ऑफिसाने भंगारात काढलेला. त्यावर विकतची सिस्टीम चालेना, म्हणून बायकोने फुकट मिळणारी लिनक्स घातली आणि लाकूड कोरायचं मशीन त्याला जोडलं. "ही फुकटची सिस्टीम आणि माझा भाऊ," ती म्हणायची, "आत घेताना जीव काढला, आता दोघंही हलत नाहीत." नक्षी ती काढायची. सुतार फळी बसवायचा आणि पडद्यावरचा हिरवा बाण दाबायचा. त्यापलीकडे त्याला काही येत नव्हतं.

शेवटचं दवाखान्यात जाताना ती कॉम्प्युटर चालू ठेवून गेली. तो अजून बंद झाला नव्हता. पडद्याच्या कोपऱ्यात तिचं नाव होतं, आणि काळ्या खिडकीत तिच्या नावापुढे पांढरा ठोकळा लुकलुकत होता, कोणी पाणी प्यायला उठून गेल्यासारखा. बंद केला की पुन्हा पासवर्ड विचारणार, आणि पासवर्ड फक्त तिला माहीत होता. वीज गेली की सुतार भरल्या ताटावरून उठून बॅटरीच्या पेटीपाशी जाऊन बसायचा.

"पासवर्ड नसला तरी डिस्कवरचं काढता येतं," मेव्हणा मनगट चोळत म्हणाला. "मी काढून देतो. नक्षी कुठे जात नाही."

"नक्षी गेली चुलीत."

"मग पाहिजे काय तुम्हाला?"

सुताराने पडद्यावरचा भुसा बाहीने पुसला. तेवढ्याच कोपऱ्यातला पुसला.

मेव्हण्याने ते पाहिलं.

"ताई त्यात नाहीये, दाजी."

सुताराने टेबलावरचा लाकडी हातोडा उचलला आणि मारला. मेव्हण्याचा ओठ फाटला, दात भुशात पडला. दुसरा घाव खांद्यावर बसला. मग मात्र मेव्हणा डोकं खाली घालून बैलासारखा धावून आला. सुताराच्या फासळ्यांवर आदळला, दोघं टेबलासकट कोसळले. पटाश्या सांडल्या. एक सुताराच्या तळहातात शिरली, ती त्याने उपसून टाकली आणि त्याच ओल्या हाताने मेव्हण्याचा गळा धरला. छातीवर गुडघा रोवला. मेव्हण्याने त्याच्या डोळ्यात बोट घातलं, तरी तो सोडेना. त्याला तसाच गळ्याने धरून दाराकडे ओढू लागला, बाहेर फेकून द्यायला.

कॉम्प्युटरची वायर सुताराच्याच पायात अडकून निघाली.

पडदा काळा झाला.

सुताराची बोटं आपोआप सुटली. मेव्हणा कुशीवर वळून खोकत राहिला. त्याने वर पाहिलं तेव्हा सुताराच्या हातात पटाशी होती.

"चालू कर."

"थोडा थंड होऊ द्या, नाहीतर..."

पटाशीचं पातं गळ्याला लागलं. "चालू कर. पासवर्ड विचारला तर तुला इथेच चिरतो."

तो हे ओरडून म्हणाला नाही. फळीची लांबी सांगावी तसा म्हणाला. मेव्हण्याने वायर जोडली, बटण दाबलं. काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळी भराभर वर सरकू लागल्या. त्याने डोळे मिटून घेतले. पात्याखाली त्याची शीर उडत होती, आणि सुताराच्या तळहातातून गळणारं रक्त त्याच्या कॉलरमध्ये उतरत होतं.

ओळी थांबल्या. पडदा उजळला. पातं हललं नाही, म्हणून त्याने डोळे उघडले.

पासवर्ड विचारलाच नव्हता. कोरायचा प्रोग्रॅम आपोआप उघडला होता. एरवी कोपऱ्यात असणारा हिरवा बाण आता पडद्याच्या मधोमध होता, चांगला मोठा, चष्मा नसतानाही दिसेल एवढा. आणि वरच्या कोपऱ्यात सुताराचं नाव होतं.

"हे कोणी केलं?" सुताराने विचारलं.

"ताईने." मेव्हण्याच्या फाटक्या ओठातून शब्द नीट निघत नव्हते. "पुढच्या वेळी चालू केला की तुमच्या नावाने उघडेल, असं करून ठेवलंय. तुम्ही एकदा बंद केला असता तर तेव्हाच कळलं असतं."

सुतार नावाकडे बघत राहिला.

"कधी केलं ते बघता येईल," मेव्हणा म्हणाला. "तारीख असते."

"नको."

डबा पुन्हा तापू लागला होता. जळका वास यायला लागला. सुताराने पटाशी टेबलाच्या उलट्या पडलेल्या पायाजवळ ठेवली आणि भुशातून माऊस शोधून काढला.

"बंद कसा करायचा?"

"वर कोपऱ्यात. तुमच्या नावावर दाबा."

माऊसचा बाण नावापाशी गेला, पुढे निसटला, परत आला. मेव्हण्याने मदतीला हात उचलला, आणि मग खाली घेतला.