हिरव्या शाईचे पान

मित्रांनो, एका मोठ्या सरोवराकाठच्या गावात, वाचनालयातल्या किशोरांच्या कपाटाला दोरीने बांधलेली निळ्या पुठ्ठ्याची वही होती. ती मी. आता मी जुनी झाले आहे आणि माझे मधले एक पान फाटलेले आहे. ते कसे फाटले, तेवढेच सांगते.

स्वर्गातून हाकललेल्या देवदूतांच्या ‘राखपंख’ या कादंबऱ्यांनी तेव्हा गावातल्या मुलांना वेड लावले होते. ग्रंथपाल मिसेस प्रुएट यांनी मला आणले आणि पहिल्या पानावर सुबक अक्षरात लिहिले, ‘या पुस्तकांविषयी मनात येईल ते लिहा. नाव घालू नका. इथले इथेच राहील.’

मुले माझ्यावर तुटून पडली. कोणी लिहिले, ‘पंखांचं वर्णन अकरा पानं! लेखिकाबाईंनी कधी कोंबडी तरी पाहिली आहे का?’ खाली दुसऱ्याने ठणकावले, ‘कळत नसेल तर कोंबड्याच वाच.’ मिसेस प्रुएट संध्याकाळी मला उघडून एकट्याच हसत. “ही वही म्हणजे आपल्या वाचनालयाचा जीव आहे,” असे येईल त्याला सांगत. मी फुलून जाई.

चौथा भाग आला आणि भांडण पेटले. त्यात बहीणच आपल्या पतित भावाची लपायची जागा शिकाऱ्यांना दाखवते. निम्मी मुले म्हणत, ‘बरं केलं.’ निम्मी म्हणत, ‘तिला माफी नाही.’

एके दिवशी सोळा वर्षांच्या सिग्ने नॉर्डालने ते सारे उभ्या उभ्या वाचले. मग खुर्ची ओढून ती हिरव्या शाईच्या पेनाने लिहू लागली. ‘मला हा भाग पटला नाही. बहीण असं करत नाही. माझा भाऊ भर चर्चमध्ये उठून म्हणाला, माझा देवावर विश्वास नाही. बाबांनी त्याला घराबाहेर काढलं. धक्क्यावर मासे धुरी देऊन वाळवतात, त्या शेडच्या माळ्यावर तो राहतो. मी दर शनिवारी त्याला सूप नेऊन देते. जीव गेला तरी मी कोणाला सांगणार नाही.’

तिने ते कोणाला सांगितले नव्हतेच. मला सांगितले होते.

मिसेस प्रुएटनी संध्याकाळी ते वाचले आणि डोळे पुसले. हिरवी शाई त्यांच्या ओळखीची होती. सिग्नेची आई त्यांच्याच शेजारी उभी राहून चर्चमध्ये गात असे. त्यांनी फोन उचलला.

दुसऱ्या सकाळी सिग्नेचे वडील, मिस्टर नॉर्डाल, आले. मित्रांनो, ज्या हातांनी मला आणले, त्याच हातांनी माझे पान फाडून त्यांना दिले.

“रागावू नका हं त्याला,” मिसेस प्रुएट म्हणाल्या. “पोरगं घरी यावं, एवढीच इच्छा आहे माझी.”

मिस्टर नॉर्डालनी कागदाची घडी करून खिशात घातली आणि ते निघून गेले.

दोन दिवसांनी सिग्ने आली. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

“बाबांनी धक्क्यावर सगळ्यांसमोर तमाशा केला,” ती म्हणाली. “शेडचा मालक म्हणाला, मला ही कटकट नको. आमचा एलियट दुपारच्या बसने गेला. मी धावत पोचले, तर बसच्या पायरीवरून काय म्हणाला माहितीये? ‘तुझ्या अक्षरातला कागद होता गं बाबांच्या हातात.’”

“मग सांगायचं नाही का त्याला, की तू...” मिसेस प्रुएट म्हणाल्या.

“काय सांगू? अक्षर माझंच होतं ना!”

“बाळ, बापलेकांची गाठ पडेल असं वाटलं गं मला. हेतू चांगलाच होता.”

“हेतू तुमचा होता. भाऊ माझा होता.”

ती पुन्हा वाचनालयात आली नाही. गाव लहान, गोष्ट सगळ्या मुलांना कळली.

पाचवा भाग आला तेव्हा माझ्या जागी नवी कोरी वही बांधली गेली. तिच्यात मुले लिहितात, ‘छान आहे.’ ‘आवडलं.’ ‘मस्त.’ पानेच्या पाने तेवढेच. मिसेस प्रुएट ती चाळतात आणि मिटून ठेवतात. मी त्यांच्या खणात असते. मला टाकून द्यायचे धाडस त्यांना होत नाही.

मित्रांनो, वह्या जपून वापरा, असे तुम्हाला मोठी माणसे सांगतच असतील. मी एवढेच मागते, की कोणी विश्वासाने लिहिलेले तुमच्या हाती आले, तर चांगल्या मनानेसुद्धा ते दुसऱ्याच्या हाती देऊ नका. आम्हा वह्यांना तोंड नसते. ‘हे तिने दिलेले नाही,’ एवढे एक वाक्य त्या बसपाशी ओरडून सांगायला मी माझी उरलेली सगळी पाने दिली असती.

एलियट कुठे आहे, हे आता सिग्नेलाही माहीत नाही.