मडगार्डावरचे ओरखडे

बाळांनो, जरा डोळे मिटा. तुमच्यासमोर एक जुनी मोटार उभी आहे असं समजा. रंग निळा, दिवे बेडकाच्या डोळ्यांसारखे बाहेर आलेले. आता तिच्या पुढच्या मडगार्डावर, म्हणजे चाकावरच्या त्या गोलसर पत्र्यावर हात फिरवा. लागले ना बोटांना फोड? रंगाखाली गंज चढला की असे फोड येतात. आता डोळे उघडा आणि मला सांगा, गंज न काढताच त्यावर पुट्टी थापून वरून चकाचक रंग मारणाऱ्या माणसाला तुम्ही काय म्हणाल?

ठिणगी नावाच्या मुलीच्या गल्लीत अशा माणसाला 'पुट्टीवाला' म्हणत. फक्त म्हणत ते चुकीच्या माणसाला.

ठिणगीचे बाबा आणि तिचे मोठे काका मिळून जुन्या गाड्या नव्या करायचे. एकच शेड, एकच पाटी. हे निळं मडगार्ड काकांनी केलं होतं. बाबा तेव्हा तापाने अंथरुणाला खिळले होते. पुढे फोड आले, गाडीचे मालक संतापून शेडवर आले, आणि काकांनी शांतपणे धाकट्या भावाकडे बोट दाखवलं.

"लहान आहे, चुकतो कधी कधी. त्याच्या वतीने मी माफी मागतो," म्हणाले.

म्हणजे पाप भावाच्या गळ्यात, आणि मोठेपणा स्वतःच्या खिशात! मग काकांनी वेगळी शेड टाकली आणि सगळी गिऱ्हाइकंही तिकडे वळवली. बाबा गप्प राहिले. ठिणगी मात्र गप्प राहणाऱ्यातली नव्हती. शाळेत एकाने तिला 'पुट्टीवाल्याची पोर' म्हटलं, तेव्हा तिने त्याचा डबा त्याच्याच डोक्यावर उपडा केला. हेडबाईंनी बाबांना बोलावून घेतलं. परत येताना बाबा घरी न जाता थेट गाडीच्या मालकांच्या दारात जाऊन उभे राहिले.

मालक म्हणजे कप्तानसाहेब. सगळा जन्म जहाजावर गेलेला, त्यामुळे गंजाशी त्यांचं जुनं वैर.

"साहेब, ते मडगार्ड मला उघडू द्या," बाबा म्हणाले. "तुमच्यासमोर आणि दादासमोर. काम माझं निघालं, तर त्याच दिवशी पाटी उतरवतो. पुन्हा कुणाच्या गाडीला हात लावणार नाही."

"आणि त्यांचं निघालं तर?"

"ते मग गल्लीच ठरवेल."

कप्तानसाहेबांनी दिवस ठरवला आणि काकांनाही निरोप धाडला. आता रंग उतरवायचा तर सँडब्लास्टर हवा. समुद्रकाठी वारा सुटला की उडती वाळू पोटऱ्यांना कशी टोचते, आठवतं? तसंच ते यंत्र. कॉम्प्रेसरमधली हवा बारीक कण इतक्या जोराने फेकते की रंग सोलून निघतो.

बाप-लेक यंत्रांच्या दुकानात गेले. ठिणगीने आत शिरताच एका लाल टाकीला मिठी मारली. टाकी तिच्याएवढी उंच, खाली चाकं, नळी मनगटाएवढी जाड.

"बाबा, हेच! याने काकांची पुरती सालटी निघतील!"

"सालटी पत्र्याची काढायची आहेत," बाबा म्हणाले. "आपला कॉम्प्रेसर केवढा? याला हवा पुरवता पुरवता धाप लागून मरेल तो."

शेजारी एक काचेची पेटी होती. तिच्यात हातमोजे बसवलेले. आत वस्तू ठेवायची आणि बाहेरून हात घालून साफ करायची. कडीकोयंड्यांना ती छान, पण मडगार्ड तिच्यात मावलं नसतं.

गल्ल्यावरच्या मावशी चहा पीत हे ऐकत होत्या. "अहो, तुम्ही विकत कशाला घेता? तुमच्या दादांनी असलंच मोठं नेलंय की. परवाच सांगून गेलेत, भाऊ आला तर म्हणावं, माझं ने. तू काय परका आहेस?"

ठिणगीने डोळे बारीक केले. "काका कधीपासून एवढे दिलदार झाले?"

बाबा हसले. कितीतरी दिवसांनी हसले, पण ते हसू पाहून ठिणगीच्या अंगावर काटाच आला. त्यांनी तिला बाजूला नेलं आणि टाकीवरच्या धुळीत बोटाने रेघा ओढल्या.

"पुट्टी वाळली की पॉलिशपेपरने घासतात. घासल्यावर ओरखडे उरतात. माझा हात उजवा, म्हणून माझे ओरखडे असे कलतात. दादा डावखुरा, त्याचे उलटे. त्यावर काळसर प्रायमर, म्हणजे रंगाखालचा थर, मारला की तो ओरखड्यांत जाऊन बसतो. वरचा रंग अलगद काढला, तर त्या काळ्या रेघा अजूनही दिसतील."

"आणि मोठ्या मशीनने?"

"खरखरीत वाळू रंग, पुट्टी, ओरखडे, सगळं एका दमात खाऊन टाकेल. पातळ पत्रा वाकेल तो वेगळाच. शेवटी उरेल एक भोक, आणि भोकावर कुणाची सही नसते. मला भोक नको, ठिणगे. मला त्याचा हात हवाय."

ठिणगी विचारात पडली. तिला वाटायचं, सूड म्हणजे धाडकन काहीतरी फोडणं. हा तर कांद्यासारखा सोलायचा होता. तिला तो जास्तच आवडला.

मग तिनेच शोधलं. कोपऱ्यात एक बुटकी टाकी होती. तिचा कॉक इतका नाजूक की हवा फुंकरीएवढीही सोडता यावी. तिच्यात वाळूऐवजी सोड्याची पांढरी, मऊ पूडही चालत होती.

"हे?" मावशींनी नाक मुरडलं. "हे तर खेळणं आहे, गं."

"खेळायचंच आहे, मावशी."

घरी एका भंगार बॉनेटवर दोघांनी सराव केला. तोंडाला मास्क, डोळ्यांना चष्मा. नोझल, म्हणजे नळीचं टोक, पत्र्यावर सरळ रोखायचं नाही, तिरकं धरायचं आणि एका जागी थांबू द्यायचं नाही. ठिणगीचा हात भराभर पळायचा. "सावकाश," बाबा म्हणायचे, "राग आला की आणखी सावकाश."

ठरल्या दिवशी सकाळीच बाबांच्या शेडपुढे सगळी गल्ली जमली. कप्तानसाहेब आपल्या निळ्या मोटारीशेजारी स्टुलावर बसले होते. काका कडक इस्त्रीच्या शर्टात आले, मागे टेम्पो, आणि टेम्पोत त्यांची ती भली मोठी टाकी.

बुटक्या टाकीकडे पाहून ते खो खो हसले. "हे काय, डास मारायला आणलंयस? माझं मशीन घे. चहा होईपर्यंत काम साफ!"

"खरंच लवकर होईल?" कप्तानसाहेबांनी बाबांना विचारलं.

"लवकर होईल, साहेब. बघायला काही उरणार नाही."

"मग हेच राहू दे."

बाबांनी कॉक जरासा उघडला. पांढरा धूर उठला. निळा रंग पापुद्र्यांनी विरला, मग काळसर प्रायमर, आणि हळूहळू खालून पिवळट पुट्टी वर आली. तिच्यावर काळ्या बारीक रेघा होत्या, सगळ्या एकाच बाजूला कललेल्या, पावसाच्या सरीसारख्या. बाबांनी हवा बंद केली आणि रेघांचा अर्थ सगळ्यांना समजावून सांगितला.

"रेघा काय, कुणाच्याही असतील," काका म्हणाले.

कप्तानसाहेबांनी पुट्टी लावलेला एक पत्रा मागवला. "दोघांनी घासून दाखवा."

बाबांनी घासला. रेघा मडगार्डावरच्या रेघांच्या उलट कलल्या. मग काकांनी पॉलिशपेपर घेतला, आणि घेतला तो उजव्या हातात! कागद दोनदा निसटला, बोटं अडखळली, पत्रा घसरून खाली पडला. ज्या माणसाला सगळ्यांनी जन्मभर डाव्या हाताने हातोडा मारताना, सही करताना, चहाचा कप धरताना पाहिलं होतं, तो भर सकाळी उजव्या हाताने धडपडत होता.

"दादा," बाबा अगदी हळू म्हणाले, "हात का बदललास?"

मागून कुणीतरी फिसकन हसलं. "पुट्टीवाले काका!" एक बारका आवाज आला, आणि मग सगळी गल्लीच हसायला लागली. काकांचा चेहरा राखेसारखा झाला.

कप्तानसाहेब उठले. "आणि पलीकडचं मडगार्ड? ते कोणी केलं?"

"त्याच आठवड्यात झालंय, साहेब," बाबा म्हणाले. "मी तेव्हा अंथरुणातच होतो."

"पुरे आता!" काका पुढे आले. मग त्यांनी आवाज खाली आणला आणि ठिणगीच्या डोक्यावर हात ठेवला. "बाळ, सांग ना तुझ्या बाबांना. नाव मोकळं झालं ना त्यांचं? आपण घरचीच माणसं. आता बंद करा."

बाबांच्या हातातलं नोझल खाली झुकलं. त्यांनी लेकीकडे पाहिलं.

ठिणगीने काकांचा हात डोक्यावरून हळूच बाजूला केला. चिकटपट्टी आणि कागद उचलून ती गाडीच्या पलीकडे गेली, मांडी घालून बसली, आणि पूड लागून काच खराब होऊ नये म्हणून तिकडच्या दिव्याला अगदी सावकाश, नीट कागद गुंडाळायला लागली.