चौथा मुद्दा

सोमवारी सकाळी पाटणकरबाईंनी फळ्याच्या मधोमध मारलेली उभी रेघ फळा संपला तरी थांबली नाही. भिंतीवरून ती खाली उतरली, व्हरांड्याच्या फरशीवर बसलेल्या मुलांच्या मधून गेली, पायरी उतरली, फाटकाखालून रस्त्यावर आली आणि दुपारपर्यंत पाण्याच्या टाकीपलीकडे पोहोचली. रेघ खडूचीच होती, पण निघत नव्हती. रस्ता झाडणाऱ्या कांताबाईंनी तिच्यावरून दोनदा झाडू फिरवून पाहिला आणि मग तिला वळसा घालून पुढचं झाडायला घेतलं.

बाई छत्तीस वर्षं शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या. तरी सकाळी साडेसातला गल्लीतली सहावीची मुलं त्यांच्या व्हरांड्यात येऊन बसत. एखादी गोष्ट कळल्यावर मुलाचा चेहरा जसा होतो, तो बघितल्याशिवाय बाईंना चहा गोड लागत नसे.

त्या सोमवारी मुलं भांडत होती.

"तुझ्या पप्पांचा फोन म्हणजे नुसतं डबडं आहे."

"आणि तुझ्या पप्पांना रिंगटोन लावायची तरी कंपनीला विचारावं लागतं! विचार जा, शिंकू का म्हणून!"

"पुरे," बाई म्हणाल्या. "भांडून काही कळत नाही. फरक स्पष्ट करू या. चार गुणांचा प्रश्न, म्हणजे चार मुद्दे. वह्या काढा."

त्यांनी रेघ मारली, डावीकडे 'बंद फोन' लिहिलं, उजवीकडे 'उघडा फोन'. पहिला मुद्दा: बंद फोन मालकाला आतून उघडता येत नाही, उघडा फोन कुणालाही उघडून बदलता येतो. दुसरा: बंद फोनमध्ये कंपनीच्या एकाच दुकानातल्या गोष्टी येतात, उघड्यात कुठूनही आणता येतात. तिसरा: बंद फोन एकच कंपनी बनवते, उघडे पुष्कळ कंपन्या बनवतात, त्यामुळे ते तऱ्हेतऱ्हेचे असतात. इथवर सगळं त्यांनी वाचलेलं होतं.

चौथा मुद्दा त्यांच्याकडे नव्हता. खडू हातात धरून त्या उभ्या राहिल्या. स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली. पंचवीस पेन्सिली वर उचललेल्या होत्या. तीन मुद्द्यांना चार गुण मिळत नाहीत हे त्यांनीच जन्मभर मुलांना सांगितलं होतं. मग बाईंनी लिहिलं: बंद फोनला अपडेट येत राहतात व तो नवा होत राहतो. उघड्या फोनचे अपडेट लवकरच थांबतात व तो आहे तसाच राहतो.

लोखंड्यांच्या जुळ्या मुलींपैकी केतकी रेघेच्या डावीकडे बसली होती आणि बकुळ उजवीकडे. केतकीने मान खाली घालून लिहून घेतलं. बकुळने हात वर केला.

"बाई, हे कुठे लिहिलंय?"

"कुठे म्हणजे? फळ्यावर लिहिलंय, दिसत नाही का? आधी उतरवून घे."

मुलं हसली. बकुळचे कान लाल झाले. तिने हात खाली घेतला आणि लिहिलं. बाईंनी वेळ मारून नेली आणि कुकर उतरवायला आत गेल्या.

मंगळवारी पहिला मुद्दा खरा झाला. रेघेच्या उजवीकडच्या प्रत्येकाच्या मानेखाली एक छोटं झाकण आलं, नखाने उघडेल असं. लोकांना ते सोयीचं वाटलं. केस कापता कापता न्हाव्याने एका गिऱ्हाइकाला त्याच्या वर्गमित्राचं विसरलेलं नाव आत घालून दिलं. डावीकडच्यांची पाठ गुळगुळीत राहिली आणि त्यांच्या घरांच्या कड्या बाहेरच्या बाजूला गेल्या. सकाळी कुणीतरी येऊन त्या उघडत असे, अगदी वेळेवर.

बुधवारी दुसरा. डावीकडे टाकीजवळ एकच खिडकी उघडली. दूध, पीठ, वर्तमानपत्र सगळं तिथूनच, आणि प्रत्येक वस्तू तपासलेली. उजवीकडे ज्याला जे हवं ते जो तो घरात आणून ठेवू लागला. एका घरात लोणच्याच्या बरणीबरोबर एक अनोळखी काका आले आणि तिथेच राहिले. ते दिवसभर घरातल्या माणसांची बोलणी लिहून घेत.

गुरुवारी डावीकडची सगळी घरं एकसारखी पांढरी झाली. उजवीकडे एका घराचं दार छपरावर गेलं.

तेव्हा बाईंना कळलं की शुक्रवारी काय होणार. ओलं फडकं घेऊन त्यांनी चौथा मुद्दा पुसला. खडूची भुकटी खाली पडली, फरशीवर थोडी थांबली आणि सावकाश वर चढून पुन्हा आपापल्या अक्षरात जाऊन बसली. बाईंचं अक्षर फार सुरेख होतं. पुन्हा बसल्यावर ते अधिकच सुरेख दिसू लागलं.

शुक्रवारी सकाळी केतकी वर्गात आली ती चार बोटं उंच होऊन. साडेआठला उजवीकडे बकुळने हात वर केला आणि विचारलं, "बाई, हे कुठे लिहिलंय?"

उत्तर द्यायला बाईंनी तोंड उघडलं, पण बकुळचे अपडेट थांबले होते, नवं काही ऐकून घेण्याची तिची वेळ संपली होती. हात तसाच वर राहिला. हात वर ठेवूनच ती घरी गेली, एका हाताने जेवली, शनिवारी साडेसातला आली आणि साडेआठला म्हणाली, "बाई, हे कुठे लिहिलंय?"

उजवीकडचे सगळेच जिथल्या तिथे राहिले. पण मोठी माणसं तशीही जिथल्या तिथेच होती. त्यांचं फारसं कुणाच्या लक्षात आलं नाही.

दर शुक्रवारी डावीकडे नवा अपडेट येई. कधी एका वर्षाचा, कधी चारांचा. तिसऱ्या शुक्रवारनंतर केतकी ओढणी सावरत आली आणि फरशीवर न बसता खांबाला टेकून उभी राहिली.

"बाई, मी आता कॉलेजात आहे. परवापर्यंत आठवीत होते."

"बरं आहे ना तुझं?"

"चांगलंय. सगळं नीट चालतं. पण मधली दहावी कशी होती ते मला माहीत नाही."

"नको म्हणता येत नाही का गं?"

"'नंतर' म्हणता येतं," केतकी म्हणाली. "'नको' नाही म्हणता येत."

लोखंड्यांच्या घरात रेघ दोन मुलींच्या पलंगांमधून गेली होती. त्यांची आई, अर्चना, डावीकडे होती. आठव्या शुक्रवारनंतर ती बाईंकडे आली. बकुळला डावीकडे घ्यावं म्हणून तिने खिडकीवर अर्ज दिला होता. तो परत आला. मुलीमध्ये बाहेरून आलेल्या गोष्टी आहेत, असं त्यावर छापलेलं होतं.

"कसल्या गोष्टी?" बाईंनी विचारलं.

"विचारलं मी. म्हणाले, प्रश्न." अर्चनाचे केस त्या आठवड्यात पांढरे झाले होते. "बाई, जुन्या माणसाला नव्या गोष्टी हळूहळू चालेनाशा होतात. गेल्या आठवड्यात तिला शाळेचं नवं फाटक दिसेना. मग नव्या दूधवाल्याचा आवाज येईना. काल मी रेघेवरून वाकून तिची वेणी घालत होते, तर वळून म्हणाली, काकू, तुम्ही कोण?"

बाईंनी तिच्यापुढे पाण्याचा पेला ठेवला.

"येत्या शुक्रवारी माझा पुढचा अपडेट आहे. त्यानंतर मी तिच्यात चालणार नाही, म्हणजे तिला दिसणारच नाही. कळवलंय तसं." अर्चनाने पदराला हात पुसले. "तुम्ही शिकवलंत बाई, म्हणून विचारते. ते तसंच असतं ना? चौथ्या मुद्द्यात आहे तसं?"

"बघते मी," बाई म्हणाल्या.

रेघ बाईंची असल्यामुळे त्यांना ती ओलांडता येत होती. त्या उजवीकडे दस्तगीर नदाफच्या मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात गेल्या. दस्तगीर त्यांचाच विद्यार्थी, मागच्या बाकावरचा. तोही होता तिथेच थांबला होता, पण रोज नव्या फोनांशी झटून त्याने स्वतःला हाताने चालतं ठेवलं होतं.

"बसा बाई. त्या स्टुलावर नको, त्याचे पाय काल कुणीतरी बदललेत."

"दस्तगीर, अपडेट थांबतात हे मला तूच सांगितलं होतंस ना रे?"

त्याने डोळ्याचं भिंग काढलं. "मी म्हणालो होतो, ते कंपनीवर असतं. कुणी सात वर्षं देतं, कुणी दोन वर्षांत हात वर करतं. पुढचं सांगणार तेवढ्यात तुमच्या रिक्षावाल्याने हॉर्न वाजवला. तुम्ही म्हणालात, कळलं, कळलं."

"पुढचं काय होतं?"

"कंपनी देत नसली तरी उघड्या फोनला अपडेट हाताने घालता येतो. तोच तर त्याचा मोठा गुण. खरं म्हणजे चौथा मुद्दा तोच, बाई."

बाईंनी स्टुलाला धरलं. स्टूल थोडं बाजूला सरकलं.

"मग बकुळला घालता येईल?"

"झाकण आहे तिला. कागदावर लिहून घाला, घेईल ती. पण दोन गोष्टी सांभाळायच्या. एकदा आत जायला लागलं की मधेच ओढायचं नाही. आणि आत जाणाऱ्यात एक शब्दसुद्धा खोटा असता कामा नये."

"असला तर?"

दस्तगीरने काउंटरखालचा ट्रे पुढे ओढला. त्यात काळे फोन ओळीने निजवलेले होते. एकाच्या काचेत बाईंना आपला चेहरा दिसला. दुसऱ्याच्या काचेत दिसला नाही.

"हे परत उठत नाहीत," तो म्हणाला.

बाई घरी आल्या आणि बकुळसाठी लिहायला बसल्या. आधी त्यांना वाटलं, सगळी सहावी घालावी. पाणी शंभर अंशांना उकळतं, असं त्यांनी लिहिलं आणि थांबल्या. गॅसवर पातेलं ठेवून त्यात तापमापी धरली. पारा अठ्ठ्याण्णवच्या थोडा वर येऊन थांबला. तो कागद त्यांनी बाजूला ठेवला. पृथ्वी स्वतःभोवती फिरते. हे त्यांनी पाहिलं नव्हतं. वटवाघळाला दिसत नाही. हे त्यांनी वीस वर्षं शिकवलं होतं, आणि कुणाचं ऐकून शिकवलं ते आठवत नव्हतं. एकेक कागद बाजूला जात राहिला. गुरुवारी सकाळपर्यंत बाजूला ठेवलेल्या कागदांचा ढीग खिडकीच्या गजांपर्यंत गेला आणि स्वयंपाकघराचं दार उघडेना. टेबलावर एकही कागद उरला नाही.

मग त्यांनी वहीतून एक अरुंद पट्टी फाडली. आपल्याला नक्की माहीत असलेली एक गोष्ट होती. शाळेत खिडकीची काच फुटली की त्या मुलांकडून माफीची चिठ्ठी लिहून घेत. त्याच रीतीने, सुवाच्य अक्षरात त्यांनी लिहिलं:

*चौथा मुद्दा मला माहीत नव्हता. तो मी चुकून लिहिला.*

साडेसातला मुलं आली. रेघेच्या पलीकडे केतकी उभी होती. तिच्या कानशिलावर आता दोन पांढरे केस होते. अर्चना फाटकापाशी थांबली. साडेआठला बकुळ म्हणाली, "बाई, हे कुठे लिहिलंय?"

"कुठेच नाही गं बाळा," बाई म्हणाल्या आणि तिच्या मागे जाऊन बसल्या. तिची वेणी बाजूला केली. झाकण नखाने सहज उघडलं. आत अगदी स्वच्छ होतं आणि वहीच्या नव्या पानांचा वास येत होता. त्यांनी पट्टीचं टोक आत धरलं. ते आतून ओढलं जाऊ लागलं, फार सावकाश.

*चौथा* आत गेलं. बकुळचा वर केलेला हात जरासा हलला.

*मुद्दा मला* गेलं. तिची बोटं मिटली आणि हात खाली येऊ लागला.

*माहीत नव्हता* गेलं. हात कानापाशी आला. बकुळने मान वळवली, फाटकाकडे पाहिलं आणि तिच्या कपाळावर आठी पडली. कुणाला तरी ओळखायच्या बेतात असताना पडते तशी.

"आ..." ती म्हणाली.

अर्चनाने फाटकाचा गज धरला.

*तो* आत गेलं. शेजारच्या घरात कुकरची शिट्टी झाली, आणि बाईंना तो सोमवार आठवला. किती वेळ त्या खडू घेऊन उभ्या होत्या ते आठवलं. 'मला माहीत नाही, उद्या बघून सांगते,' हे वाक्य जिभेवर आलं होतं, पंचवीस पेन्सिलींकडे बघून ते त्यांनी गिळलं होतं, आणि मग स्वच्छ, ठरवून, एकेक अक्षर काढलं होतं.

*मी* आत गेलं.

बकुळचा हात खांद्यापाशी आला. बाईंनी पट्टी चिमटीत धरली. ओढायची नाही, सोडायची नाही. पट्टी त्यांच्या दोन बोटांतून खडूच्या भुकटीसारखी सरकत होती, आणि 'चुकून'मधला 'चु' झाकणाच्या कडेला टेकला होता.