पाण्यात बुडवलेली जोडी

मी एक जोडी बोलतेय. नवराबायकोची नव्हे, लोखंडाच्या दोन ठोकळ्यांची. दोघांत अर्धा-अर्धा खळगा कोरलेला. मी मिटले की आत गोळीच्या आकाराची पोकळी तयार होते. वरून वितळलेलं शिसं ओतायचं, जरा थांबायचं, मला उघडायचं. खाली पडते ती जुन्या पद्धतीच्या बंदुकीची गोळी. ऐकून कुणाला नाक मुरडायचं असेल तर खुशाल मुरडा. मी काय घडवते ते लपवून मला गोड व्हायचं नाही. माझ्या गोळ्यांनी आजवर कागदी निशाणांखेरीज काही फोडलेलं नाही, हेही ठणकावून सांगते.

डेट्रॉईटच्या एका मोटार कारखान्यातल्या कारागिराने मला आपल्या तळघरात घडवलं. माझी दोन्ही तोंडं त्याने अशी जुळवली की मिटून खिडकीकडे धरलं तर मधून उजेडसुद्धा येत नसे. त्याच्या मागे त्याच्या मुलाने, हॅरल्डने, मला साठ वर्षं वापरलं. आता हॅरल्ड त्र्याऐंशीचा. हात थरथरतात. डेट्रॉईटजवळच्या ट्रॉयमधलं घर विकून मुलीकडे ॲरिझोनाला जायचं ठरलं, तेव्हा त्याने मला पंधरा दिवसांसाठी शेजारच्या रवीला दिलं. "शिकून घे. पण मी निघतो त्या रविवारी परत दे. ती माझ्या वडिलांच्या हातची आहे."

रवी नागपूरचा, गाड्यांचं सॉफ्टवेअर लिहिणारा. हौस दांडगी. माझे ठोकळे मला धरायच्या दांड्यांवर जरा हलतात असं दिसताच त्याने स्क्रू करकचून आवळले. मग एक दिवस, मी लवकर गार व्हावं म्हणून, तापलेली तशीच पाण्याच्या बादलीत घातली. फोडणी टाकल्यासारखा चर्र आवाज झाला. लोखंडालाही धसका बसतो, हे मला त्या दिवशी कळलं.

त्यानंतरच्या प्रत्येक गोळीच्या कडेला शिशाचा पातळ पापुद्रा येऊ लागला. रवीने मला खिडकीकडे धरलं. मधून उजेडाची पट्टी आरपार. त्याचा चेहरा उतरला.

शनिवारी सकाळी गॅरेजचं दार उघडं टाकून त्याने टेबलावर काच मांडली, काचेवर पॉलिश पेपर.

"अरे, हॅरल्डना सांगून टाक ना सरळ," त्याची बायको सुजाता म्हणाली.

"काय सांगू? तुमच्या वडिलांची वस्तू बादलीत बुडवली? नको यार. हलकंच घासतो, सरळ होईल. त्यांना कळणारही नाही."

मी मनात ओरडत होते. तोंड घासलं की खळगा उथळ होतो, आतली गोल जागा चपटी होते. गेलेलं लोखंड पुन्हा उगवत नाही. रवीने मला काचेवर टेकवलंही.

तेवढ्यात पलीकडच्या घरातल्या रेणूकाकू डबा परत द्यायला आल्या. अकोल्याहून लग्न होऊन आलेल्या, अडुसष्ट वर्षांच्या. व्हिसावर नोकरीची परवानगी नव्हती, ती मिळाल्यावर डाय, म्हणजे साचे, बनवायच्या एका कारखान्यात झाडू मारायला लागल्या. बघून बघून शिकल्या. पुढे वीस वर्षं बिघडलेल्या डाय त्यांच्याच टेबलावर येत. कॉलेजचं तोंड पाहिलेलं नाही, आणि ही गोष्ट त्या कॉलेजवाल्यांना विसरू देत नाहीत.

"काय चाललंय?"

"काकू, तापलेलं बादलीत बुडवलं, वाकलंय. तोंड घासून सरळ करतोय."

"मोजलंस?"

"उजेड दिसतोय ना!"

"उजेड दिसतोय, कारण दिसतंय का? पेपर खाली ठेव आधी. सुजाता, काजळाची डबी आण गं."

"काजळ? आत्ता?"

"मला नकोय घालायला. हिला घालायचंय."

माझ्या एका तोंडावर त्यांनी बोटाने काजळाचा नुसता भास वाटावा इतका पातळ थर दिला. मिटलं. उघडलं. दुसऱ्या तोंडावर काळा ठिपका उमटला तो एकच, दोन ठोकळे नेमके जुळवणाऱ्या खिळ्याशी, तिळापेक्षा लहान.

"बघ. एवढंच टेकतंय. बाकी सगळं अधांतरी."

तो शिशाचा कण होता, मलाच चिकटलेला. इतकी वर्षं स्वतःला ओळखते म्हणणारी मी, मला त्याचा पत्ता नव्हता! काकूंनी काजळ स्वच्छ पुसलं, मला शेगडीवर सावकाश तापवलं आणि लाकडी काडीने तो कण अलगद निपटून काढला. पट्टी अर्धी झाली. मग त्यांनी मला कानाशी धरून हलवलं.

"ही हलत का नाही?"

"स्क्रू सैल होते, टाइट केले."

"सैल होते की सैल ठेवले होते? दोघांना एकमेकांत बसायला जरा हलावं लागतं. तू दोघांची मानगूट धरून ठेवलीस."

स्क्रू अर्धा फेरा सुटला आणि माझे ठोकळे आपले आपण सरकून टक् करून बसले. पट्टी गेली. एका टोकाला केसाहून बारीक उजेडाचा धागा मात्र राहिला.

"हे तुझ्या बादलीतल्या पाण्याचं काम," काकू म्हणाल्या.

"घासू?"

"हात लावून बघ फक्त! ओत आता."

पहिल्या सात-आठ गोळ्या सुरकुतलेल्या निघाल्या, कारण मी पुरती तापले नव्हते. मग एक पडली, गुळगुळीत, कडेला काहीही नाही. तिघंही ती बघायला वाकली. जिथून उजेड बिनदिक्कत आरपार जात होता, त्याच फटीच्या दाराशी येऊन ते जड, आरशासारखं चकाकणारं शिसं थांबलं होतं. स्वतःचाच गोल राखून, आत न शिरता. मी लोखंड आहे, सहसा भारावत नाही. तेव्हा भारावले.

"म्हणजे आता हॅरल्डना सांगायची गरज नाही!" रवी म्हणाला.

"गोळी बरी निघाली म्हणून बादली खोटी झाली का रे?" एवढं बोलून काकू निघाल्या.

रविवारी हॅरल्डच्या रिकाम्या घरात रवीने सगळं सांगितलं. बादली, स्क्रू, पॉलिश पेपरसुद्धा. हॅरल्डने मला खिडकीकडे धरलं. तो धागा त्याला लगेच दिसला. "ठीक आहे" असं तो म्हणाला नाही, आणि मला ते आवडलं.

"माझ्या वडिलांनी तुला दारातूनच हाकललं असतं," तो म्हणाला. मग माझी लाकडी पेटी उघडून त्याने रवीला पेन्सिल दिली. "झाकणाच्या आतून लिही. फट कुठे आहे, कशाने पडली, कुणी पाडली."

रवीने लिहिलं. खाली नाव घातलं.

हॅरल्डने वाचलं, मान हलवली. "ही पुढे ज्याच्या हातात जाईल, त्याला कळेल की फट त्याच्याकडून पडलेली नाही. तो उगाच घासत बसणार नाही."

मी आता ॲरिझोनाच्या वाटेवर आहे, लोकरी मोज्यात गुंडाळलेली. पेटीचं झाकण मिटलेलं आहे आणि माझ्या डोक्यावर अंधारात रवीचं नाव आहे. लोकहो, तुमच्या हातून माझ्यासारखीचं काही बिघडलं, तर बिघडू दे. पण पेन्सिल घ्या आणि नाव घाला. निघते.